घरच्या पूलला स्किमर बरा की ओव्हरफ्लो?

जागा, लांबी-रुंदी आणि खोली ठरली की काँट्रॅक्टरचा पुढचा प्रश्न येतो: स्किमर करायचा की ओव्हरफ्लो? स्किमर म्हणजे पूलच्या भिंतीत पाण्याच्या पातळीला ठेवलेलं तोंड, त्यातून वरचं पाणी ओढलं जातं आणि कचरा आतल्या बास्केटमध्ये अडकतो. ओव्हरफ्लोमध्ये पाणी काठोकाठ असतं आणि काठावरून सांडून बाजूच्या पन्हळीत जातं. फोटो पाहून ठरवायचं तर ओव्हरफ्लोच आवडणार. फरशीला टेकलेलं पाणी, काठाची रेघसुद्धा दिसत नाही. मी दोन्ही वापरले आहेत. आधीच्या घरात ओव्हरफ्लो घराबरोबरच आला होता, नव्या घरी बांधायची वेळ आली तेव्हा स्किमर घेतला.

ओव्हरफ्लोची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. अंगाचं तेल, सनस्क्रीन, धूळ, किडे हे सगळं पाण्याच्या वरच्या थरात असतं आणि तो थर काठावरून सतत उतरत राहतो. लाटा काठावर आपटून परत येत नाहीत, त्यामुळे पोहताना पाणी खूपच शांत लागतं. याउलट स्किमरच्या पूलमध्ये पाणी काठापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली राहतं आणि त्या पातळीला टाइल्सवर तेलकट पट्टा धरतो. तो ब्रशने घासण्यावाचून गत्यंतर नाही.

तरीही माझं मन फिरलं ते गटरमुळे. काठालगतच्या जाळीखाली जी पन्हळ असते, तिच्यात पानं अडकतात, कुजतात, त्यावर केसांचे गुंते बसतात. जाळीचे तुकडे एकेक करून उचलायचे, उलटे करायचे, खालची बुळबुळीत साय खरवडायची, पन्हळ धुवायची आणि सगळे तुकडे पुन्हा नीट बसवायचे. एखादा जरी डुगडुगला तरी अनवाणी पायाला लागतो. आमच्या अंगणात झाडं होती, त्यामुळे हे काम कधी संपलं असं वाटलंच नाही. मला सगळ्यात खटकायचं ते हे की वरून काचेसारखं दिसणारं पाणी त्याच घाणीवरून वाहत बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे सांडलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीत जायचं, आणि तिथला गाळ काढायला टॉर्च घेऊन आत उतरावं लागायचं.

हा टँक नकाशावर छोटा चौकोन दिसतो, पण त्याचा हिशेब नीट करावा लागतो. ७० किलोचा माणूस पाण्यात पूर्ण उतरला की जवळपास ७० लिटर पाणी बाहेर सारतो. सहा जण एकदम उतरले तर चारशे-सव्वाचारशे लिटर पाणी, शिवाय त्यांच्या लाटा, हे सगळं त्या टँकने पोटात घ्यायचं. फिल्टरच्या बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायला लागणारं पाणीही तिथूनच येतं. काठाची लेव्हल तर मिलिमीटरची: दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी पाणी एकाच बाजूने सांडतं आणि समोरचा काठ कोरडा राहतो. पंप बंद केला की चारही काठ कोरडे पडतात, आणि पाणी जड असेल तर तिथे पांढरे क्षार धरतात.

स्किमरमध्ये माझं काम एका बास्केटपुरतं आहे. झाकण उघडायचं, बास्केट उचलून रिकामी करायची, परत ठेवायची. मात्र तोंड कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. वारा ज्या बाजूला पाणी ढकलतो, त्या बाजूला ते हवं. मग पानं आपोआप तिकडे सरकतात. साधारण २५ चौरस मीटर पाण्याला एक स्किमर धरलेला बरा. पाण्याची पातळी तोंडाच्या मध्यावर राहिली पाहिजे. उन्हाळ्यात ती फार खाली गेली तर पंप हवा ओढतो, आणि पावसाने तोंड बुडालं तर वरचा कचरा आत येणं थांबतं. म्हणून जादा पाणी जायला वेगळा पाइप बांधतानाच टाकून घ्या, नंतर फोडाफोड नको.

अंगण उघडं असेल, रोज देखभालीला माणूस असेल आणि तुम्ही मन लावून लांबी मारणारे असाल, तर ओव्हरफ्लोला नको म्हणणं मलाही जड जाईल. पण झाडं असतील आणि सफाई घरच्यांनीच करायची असेल, तर मी स्किमरच सुचवेन. ओव्हरफ्लोचा मोह सुटतच नसेल तर झाडांपासून लांबच्या एकाच बाजूला तो करता येतो का, हे डिझायनरला विचारा. आणि टँकचं झाकण माणूस सहज उतरेल एवढं मोठं आहे ना, ते काँक्रीट पडायच्या आधी स्वतः पाहा.