हॅरी राइट की कॅप ॲन्सन: आधी कोणाला वाचावं?

बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातल्या एकाच मॅनेजरची कारकीर्द नीट वाचायची असेल, तर गाडी बहुधा या दोघांपाशी येऊन अडते. माझा कौल राइटला, हे आधीच सांगून टाकतो.

नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. ॲन्सनने 1880 ते 1886 या सात मोसमांत शिकागोला पाच विजेतेपदं मिळवून दिली. राइटकडे नॅशनल लीग या व्यावसायिक स्पर्धेची दोनच, 1877 आणि 1878 ची. पण त्याआधी, 1872 ते 1875, सलग चार वर्षं त्याचा बॉस्टन संघ नॅशनल असोसिएशन या आधीच्या व्यावसायिक स्पर्धेत पहिला आला होता. 1875 मध्ये तर 71 विजय आणि अवघे 8 पराभव! त्या असोसिएशनला अधिकृतपणे 'मेजर लीग', म्हणजे सर्वोच्च दर्जाची स्पर्धा, मानत नाहीत, म्हणून ही चार वर्षं बऱ्याच याद्यांतून गळतात.

शिवाय राइट मूळचा क्रिकेटवाला. जन्म इंग्लंडात शेफील्डचा, वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेटपटू. सिनसिनाटीला 1865 मध्ये तो गेला तोही क्रिकेट क्लबाच्या नोकरीवर. तिथेच 1869 मध्ये त्याने उघडपणे पगारी असलेला पहिला बेसबॉल संघ उभा केला. स्वतःला 1200 डॉलर आणि धाकट्या भावाला, जॉर्जला, 1400. जॉर्ज खेळायला सरस होता, विषय संपला. तो मोसम संघ हरलाच नाही. पुढच्या जूनमध्ये ब्रुकलिनला, नेहमीचे नऊ डाव उलटून अकराव्या डावात, 8-7 असा हरला. सामने ठरवण्यापासून प्रवास, गल्ल्याचा हिशेब आणि पोरांची शिस्त, सगळं राइटच बघायचा. मॅनेजर नावाचं काम आकाराला येताना बघायचं असेल तर ते इथेच.

ॲन्सन खेळाडू म्हणून मात्र कितीतरी मोठा. माणूस म्हणून? 1883 मध्ये टोलेडोत तो अडून बसला: समोरच्या संघात फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आम्ही खेळणार नाही. वॉकर जखमी होता, त्याला त्या दिवशी बसवणारच होते. हे ऐकून टोलेडोच्या मॅनेजरने त्याला मुद्दाम मैदानात उतरवलं आणि बजावलं, खेळला नाहीत तर गल्ल्यातला वाटा विसरा. ॲन्सन मुकाट्याने खेळला. पण 1887 मध्ये नेवार्कशी सामना होता तेव्हा जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर (चेंडू टाकणारा) बाहेरच राहिला.

ॲन्सनचं चरित्र दुसरं घ्या. घेण्याआधी त्यात टोलेडो आहे का, तेवढं चाळून बघा.