जिभेतली दांडी की कानातली भिकबाळी

यंदा गणपतीत भाच्याने विचारलं, "मामा, एकच काहीतरी टोचायचं तर जीभ की कान?" मलाच विचारलं, कारण मी दोन्ही करून पाहिलंय. बाविसाव्या वर्षी जीभ टोचून दोन्ही टोकांना गोळी असलेली दांडी घातली, साडेचार वर्षं ठेवली, मग काढली. गेली सहा वर्षं उजव्या कानात वरच्या बाजूला भिकबाळी आहे. सुई निर्जंतुक हवी, कान टोचायच्या गनने टोचून घेऊ नये, हृदयाच्या झडपेचा त्रास असेल तर जिभेच्या वाटेला जाऊच नये, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितो.

आधी जिभेची बाजू घेतो. लोक घाबरतात तेवढं ते टोचणं दुखत नाही. डोळ्यांत पाणी आलं, संपलं. पुढचे चार-पाच दिवस जीभ सुजते. मी मऊ भात आणि गार ताकावर होतो आणि 'ळ' म्हणता येत नव्हता. 'ळ'साठी जीभ मागे वळून टाळूला लागते आणि वरची गोळी नेमकी तिथे आडवी येते. पण सव्वा महिन्यात जखम भरली, बोलणंही जाग्यावर आलं.

कान या बाबतीत फार मागे पडतो. पाळीची गोष्ट वेगळी, भिकबाळी वर असते आणि तिथे कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड आहे, रक्तपुरवठा कमी. भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. मला आठ महिने उजव्या कुशीवर झोपता आलं नाही आणि हेल्मेट काढताना रोज एकदा जीव कळवळायचा. कूर्चेत पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो, म्हणून लाली आणि ठणका दिसला की घरगुती लेप न लावता डॉक्टर गाठायचा. पहिलं वर्ष पाहून ठरवायचं असेल तर जीभच जिंकते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

माझं मन फिरलं ते चाळ्यामुळे.

दातात बडीशेपेचा दाणा अडकला तरी जीभ दिवसभर तिथे जाते. इथे तर गोळी जिभेतच. मी ती खालच्या पुढच्या दातांच्या मागे दाबायचो आणि सोडायचो. टक्. इंदुरातल्या पलासियाच्या सिग्नलला थांबलो की टक्. अभ्यासाला बसलो की टक् टक्. रात्री शेजारच्या खोलीतून आई म्हणायची, "जागा आहेस ना अजून? ऐकू येतंय." सोडायचा प्रयत्न केला, लवंग तोंडात धरून पाहिली. तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी पुन्हा टक्, आणि ते सुरू कधी झालं हे मला कळलंही नव्हतं.

एका रविवारी सकाळी घरीच पोहे खात होतो. वर लसणाची जाड शेव, जीरावन मसाला. आपल्या इंदुरात कशावरही शेव पडते, आणि कुरकुरीत शेव कुठली नि गोळी कुठली हे दाढेला कळत नाही. कट्. तळहातावर मुगाच्या डाळीएवढा पांढरा टवका.

दाताच्या डॉक्टरांनी दाढ तासाभरात नीट केली. मग त्यांनी छोटा आरसा खालच्या दातांच्या मागे धरला आणि समोरच्या आरशात बघ म्हणाले. मधल्या दोन दातांची हिरडी आतल्या बाजूने खाली सरकली होती आणि पिवळसर मूळ उघडं पडलं होतं. दुखत काहीच नव्हतं. ती जागा घरच्या आरशात दिसत नाही, बाहेरून हिरडी गुलाबी आणि छान. दांडी काढून त्यांनी हातावर ठेवली. तिच्या खालच्या टोकाशी दातांवर चढतं तसंच किटण चढलेलं होतं, नखाने खरवडलं तरी निघेना. "ही हिरडी आपोआप वर येत नाही," एवढंच ते म्हणाले. फार बिघडलं तर दुसरीकडची हिरडी घेऊन तिथे लावावी लागते.

घरी येऊन वाचायला लागलो. हिरड्यांच्या विकारांवरच्या एका अमेरिकन नियतकालिकात २००२ साली ५२ जणांची पाहणी छापून आली होती. लांब दांडी दोन किंवा जास्त वर्षं घालणाऱ्यांपैकी निम्म्यांची आतली हिरडी सरकली होती आणि चार वर्षांपुढे ४७ टक्क्यांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडाले होते. माझी साडेचार वर्षं. शिवाय माझी दांडी पहिल्या दिवसाचीच होती. सूज मावेल म्हणून सुरुवातीला लांब दांडी घालतात आणि सूज उतरली की आखूड घालायची असते. ती मी कधी बदललीच नाही, तेव्हा सगळं खापर जिभेवर फोडणं बरोबर नाही. पण आखूड दांडीने चाळा सुटतो असं नाही. २०१० मध्ये बफेलोच्या दंतवैद्यांनी एका २६ वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं होतं. सात वर्षं ती दांडी वरच्या पुढच्या दातांमध्ये ढकलत राहिली आणि त्या दोन दातांत फट पडली, ती बुजवायला तारा लावाव्या लागल्या.

मधला मार्ग म्हणून मी तीन महिने प्लास्टिकची दांडी वापरली. ती दातांना सौम्य आहे यात शंका नाही. इन्सब्रुकमध्ये ८० जणांवर केलेल्या २०११ च्या अभ्यासात तर स्टीलवर प्लास्टिकपेक्षा जास्त जंतू सापडले होते. मात्र गोळीचे आटे लवकर झिजतात. भुट्ट्याचा कीस खाताना एकदा गोळी सुटून घासात आली, वेळेवर हाताला लागली म्हणून बरं. आणि प्लास्टिकचा आवाज होत नाही. आईचं "ऐकू येतंय" बंद झालं, मला वाटलं सवय गेली. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी आरसा धरला आणि विचारलं, "अजून दाबतोस ना?" त्या संध्याकाळी काढली. पंधरा दिवसांनी सहज घालून पाहिली तर आत जाईना.

भिकबाळीशी जीभ खेळू शकत नाही. हात जातो कधीकधी, पण गेलेला हात आपल्यालाही दिसतो. आधी सुईने टोचून टायटॅनियमची साधी रिंग घातली, कान भरल्यावर सराफ्यातल्या सोनाराकडून मोत्यांची, मधे लाल खडा असलेली करून घेतली. मोत्यांना घाम आणि साबण चालत नाही, तेवढी काढघाल आहे. लग्नात, गणपतीत घातली की आजी अजूनही कान धरून मोती बघते.

माझं तोंड ते सगळ्यांचं तोंड नव्हे. चाळा न करता वर्षानुवर्षं जिभेत दांडी ठेवणारा एक मित्र मला माहीत आहे, त्याचे दात ठणठणीत आहेत. तुमचा कल तिकडेच असेल तर सूज उतरली की दांडी आखूड करून घ्या, गोळ्या प्लास्टिकच्या, आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना खालच्या दातांची आतली बाजू दाखवायला सांगा. बाहेरून बघून "छान आहे" म्हणाले तर पुन्हा सांगा.

भाच्याला मी दिवाळीनंतर सराफ्याकडे नेईन म्हटलंय. त्याला पेन्सिल चावायची सवय आहे, म्हणून जिभेबद्दल मी फारसा उत्साह दाखवला नाही. आठ महिने एकाच कुशीवर झोपायची तयारी आहे का, हे मात्र दोनदा विचारलंय.