विंडोज १०ची मुदत संपल्यानंतरचे पाच महिने, आणि 'ऱ्य'ने घेतलेली परीक्षा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबले, त्याला आता पाच महिने होत आले. या पाच महिन्यांत मी घरातले दोन संगणक दोन वेगळ्या वाटांनी चालवले. कामाच्या टेबलावरचा संगणक एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा-अपडेटवर ठेवला आणि जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली बसवली. मी चिपळूणला घरूनच मराठी अक्षरजुळणी करते. शाळांच्या स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल, पतसंस्थांची वार्षिक पुस्तके असे काम असते. त्यामुळे खेळ किंवा चित्रफितींचे संपादन यांविषयी येथे काही सापडणार नाही. मराठी मजकुरावर ज्यांचे पोट आहे किंवा ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या मराठी फाइली साठलेल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवात दुकानातल्या वादाने झाली. सप्टेंबरात संगणक साफसफाईसाठी नेला होता, तेव्हा दुकानदाराने मुदतीचा विषय काढून सांगितले, "ताई, हे मशीन आता गेलंच समजा, नवीन घेऊन टाका," आणि छेचाळीस हजारांचा अंदाज कागदावर लिहून दिला. संगणक २०१७चा आहे, सातव्या पिढीचा आय-५-७४००, आठ जीबी रॅम, पुढे घातलेली एसएसडी. आठ वर्षांत त्याने मला एकदाही अडवलेले नाही. जे यंत्र रोज सकाळी अर्ध्या मिनिटात कामाला लागते, ते केवळ एका तारखेमुळे भंगारात काढायचे, हे मला पटले नाही आणि आजही पटत नाही.

घरी येऊन मी प्रथम, या यंत्रावर विंडोज ११ चालेल का हे सांगणारे तपासणीचे ॲप चालवले. त्यात टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय) नसल्याचा लाल शेरा आला. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शोधल्यावर तेच काम करणारा इंटेल पीटीटी नावाचा पर्याय बंद अवस्थेत सापडला. तो सुरू केला, सिक्युअर बूट सुरू केले, पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते दोन्ही शेरे हिरवे झाले आणि मला वाटले की काम फत्ते झाले. मात्र प्रोसेसरचा शेरा लालच राहिला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर बाकी सर्व रेषेबाहेर. माझा आय-५-७४०० जानेवारी २०१७चा आणि रेषेच्या आत बसणारा आय-३-८१०० त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा. दोघांनाही चारच कोअर आहेत. नऊ महिन्यांच्या अंतराने एक यंत्र पात्र ठरते आणि दुसरे अपात्र, याचा मला मनापासून राग आला. अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवून देण्याची तयारी दुकानदाराने दाखवली होती. परंतु अपात्र यंत्राला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट कंपनी देत नाही, आणि ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप करायचा तेच कारण त्या मार्गाने बाजूला पडते. म्हणून मी नकार दिला.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, सुरुवातीला काहीच न करण्याकडे माझा कल होता. विंडोज ७ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, तरी तळमजल्यावरच्या जुन्या संगणकावर मी ते पुढे दीड वर्ष वापरले आणि काही बिघडले नाही. मत बदलले ते मे २०१७च्या वॉनाक्राय या फाइली ओलीस धरणाऱ्या विषाणूविषयी नीट वाचल्यावर. ज्या भोकातून तो घुसला, ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी निघाले होते. तरीही ते न लावलेल्या संगणकांवरून तो पसरत गेला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतली कामे अडली. मुदत संपलेल्या यंत्राला असे अपडेट वेळेवर मिळेल याची खात्रीच नसते. माझ्या टेबलावर ग्राहकांचे पेनड्राइव्ह दिवसाला चार-पाच लागतात, तेव्हा "मला काय होणार आहे" असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

वाढीव सुरक्षा-अपडेटची घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यात नवी सोय मिळत नाही आणि तांत्रिक मदतही मिळत नाही. फक्त गंभीर व महत्त्वाचे सुरक्षा-अपडेट येतात. यंत्रावर २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. नोंदणीचे तीन मार्ग आहेत: तीस डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरणे, मायक्रोसॉफ्टचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट खर्च करणे, किंवा संगणकाच्या सेटिंग्ज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जुळवून ठेवणे. शेवटच्या मार्गाला पैसे पडत नाहीत. एका खात्यावर दहा यंत्रांपर्यंत नोंदणी चालते, त्यामुळे घरात तीन-चार संगणक असतील तर प्रत्येकासाठी वेगळा विचार करण्याची गरज नाही.

मी आठ वर्षे लोकल, म्हणजे फक्त यंत्रापुरत्या खात्यानेच काम करत होते आणि नोंदणी मात्र मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय होत नाही. हे मला खटकले, कारण ग्राहकांचा मजकूर कोठेही बाहेर जाऊ नये ही माझी पहिली अट असते. एक संध्याकाळ घालवून पाहिल्यावर लक्षात आले की सेटिंग्ज जुळवणे आणि फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात चढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी फोल्डरांची बटणे एकेक करून बंद केली आणि फक्त सेटिंग्ज ठेवल्या. फाइली यंत्रातच राहिल्या, वनड्राइव्हची पाच जीबीची फुकट जागाही भरली नाही. ही बटणे आधी पाहून घ्यावीत असे मी आवर्जून सांगेन. त्यानंतरचा अनुभव शांत आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री अपडेट निघतात आणि बुधवारी सकाळी ते माझ्याकडे दिसतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाचही वेळा ते आले आणि कामात खंड पडला नाही.

येथपर्यंतची तयारी कोणीही आठवडाभरात करू शकेल. माझे चार महिने गेले ते फाइलींमध्ये.

जुलै २०२१च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी भरले. तो विंडोज ७चा संगणक गेला, आणि त्याच्यापेक्षा मोठे नुकसान म्हणजे मी जुळवलेल्या स्मरणिकांच्या छापील प्रतींचे कपाट गेले. वरच्या मजल्यावर असलेला हा संगणक आणि एक बाहेरची डिस्क तेवढी वाचली. काही शाळांकडेही आता प्रत उरलेली नाही, त्यामुळे माझ्याकडच्या फाइली हीच त्या स्मरणिकांची एकमेव प्रत आहे. या फाइली पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या आहेत, ज्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ साली आली, आणि त्यांतले मराठी युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेत नव्हता तेव्हाच्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट काढून टाकला की 'शाळा' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ज्या मराठी सॉफ्टवेअरवर हे टंकले, ते यूएसबीच्या लॉकशिवाय (संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीशिवाय) उघडत नाही. हे लॉक नव्या यंत्रावर चालेल का, असे विचारायला मी त्या सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले: नवी आवृत्ती विकत घ्या. मी पैसे भरून घेतलेल्या वस्तूविषयी विचारत होते आणि मला दरपत्रक ऐकवले जात होते.

म्हणून सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणायचे ठरवले. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा एक रूपांतरक मिळाला, पहिली फाइल त्याच्यातून काढली, पडद्यावर स्वच्छ मराठी उमटले आणि मला फार बरे वाटले. आठ दिवसांत साठ फाइली झाल्या. मग एका देवस्थानाच्या अहवालात महाप्रसादाचा वृत्तांत सहज वाचत होते, तेथे वाक्य दिसले: "उत्सवाच्या शेवटी आचार्यांना शाल-श्रीफळ देऊन गौरवण्यात आले." मला तो उत्सव आठवत होता. गौरव झाला होता तो तीन दिवस चुलीसमोर उभ्या असलेल्या आचाऱ्यांचा. मूळ फाइल उघडून पाहिली तर तेथे 'आचाऱ्यांना' असेच होते. रूपांतरकाने अर्धा र ओळखला नाही आणि त्या जागी 'य'च्या डोक्यावर रफार चढवला.

साठही फाइली पुन्हा उघडल्या. 'किनाऱ्यावर'चे 'किनार्यावर' झाले होते, 'पुढाऱ्यांनी'चे 'पुढार्यांनी', 'तऱ्हा'चे 'तर्हा'. हे शब्द निदान चुकीचे दिसतात. शुद्धलेखन तपासणीही त्यांच्याखाली लाल रेघ ओढते. परंतु आचाऱ्यांचे आचार्य झाले किंवा दऱ्यांचा दर्या झाला, तर दोन्ही शब्द मराठीच असल्याने कोणतेही यंत्र हटकत नाही. ती ओळ माणसाने, तीही संदर्भ जाणणाऱ्या माणसाने, वाचावीच लागते. एखाद्या स्वयंपाक्याचे नाव छापील प्रतीतून पुराने नेले आणि उरलेल्या एकमेव प्रतीतून रूपांतरकाने त्याचा व्यवसाय नेला, हे मला सहन झाले नाही. लोक म्हणतील की एका जोडाक्षरासाठी एवढा त्रागा कशाला. मी अक्षर जुळवून देण्याचे पैसे घेते. अक्षर चुकले तर माझ्या कामात उरते काय?

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे आणि ती कळायला मला डिसेंबर उजाडला. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात स्वतंत्र 'ऱ' हे अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळे मानतो. माझ्याच फाइलींत 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर निम्म्या जागा सापडत नव्हत्या, कारण त्या निराळ्या साधनाने टंकलेल्या होत्या. लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये शोधा-बदला वापरून मी जोडचिन्हाचा प्रकार सर्वत्र काढून टाकला आणि 'ऱ'चा एकच प्रकार ठेवला. आता एक शब्द शोधला की तो सगळीकडे सापडतो.

लॅपटॉपविषयी माझे मत या काळात दोनदा पालटले. तो २०१४चा आहे, चार जीबी रॅमचा, आणि त्यावर मिंट २२ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली आहे, जिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. पहिल्या आठवड्यात मला वाटले की हा प्रयोग चुकला: प्रिंटरने दोन दिवस त्रास दिला, विंडोजमधला मंगल फॉन्ट नसल्याने ग्राहकांच्या फाइलींतल्या ओळी सरकल्या. टंकलेखनाचे मात्र काही अडले नाही. आयबस या भाषेचा कळफलक निवडण्याच्या साधनात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडला आणि बोटांना काही नवे शिकावे लागले नाही. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, की 'ऱ्य' उमटला, जसा विंडोजवर उमटतो तसाच. कळफलकाचा सरकारी मानक असल्याचा हा फायदा मी पहिल्यांदा इतक्या जवळून अनुभवला.

खरा आनंद जानेवारीत झाला. पेजमेकरची एक फाइल लॅपटॉपवर सहज दोनदा क्लिक केली आणि ती लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडली. लॉक नाही, पेजमेकर नाही, विंडोजही नाही, तरी पान समोर आले. अक्षरे अर्थातच खिचडी होती. पण माझ्या मालकीच्या जुन्या फॉन्टची फाइल लॅपटॉपवर बसवली आणि पुन्हा उघडले, तेव्हा २००६ सालच्या स्मरणिकेचे मुख्याध्यापकांचे मनोगत वाचता येऊ लागले. चौकटी थोड्या हलल्या होत्या, एका पानावरचे चित्र दिसत नव्हते, म्हणून पुन्हा छापायला हे पुरेसे नाही. परंतु रूपांतरित मजकूर मुळाशी ताडून पाहायला हवे होते ते सारे मिळाले. तेव्हापासून लॅपटॉपवर मूळ पान आणि संगणकावर युनिकोडचे पान असे शेजारी ठेवून मी वाचते. एका स्मरणिकेला सरासरी दोन संध्याकाळी लागतात.

खर्च म्हणाल तर एक नवी बाहेरची डिस्क घेतली, बाकी काही नाही. छेचाळीस हजारांतले बहुतेक अजून बँकेत आहेत. ज्यांचे यंत्र आठव्या पिढीचे वा पुढचे आहे, त्यांनी सरळ विंडोज ११ घ्यावे. ज्यांच्याकडे ऑफिस २०१६ किंवा २०१९ आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की त्यांची मुदतही त्याच १४ ऑक्टोबरला संपली आहे. डिफेंडर या विंडोजमधल्या विषाणूरोधकाच्या विषाणू-नोंदी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, म्हणून निर्धास्त होणाऱ्यांना एवढेच सांगते की विषाणू ओळखणे आणि भोक बुजवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

१३ ऑक्टोबर २०२६ नंतर हा संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त लॉक लावून जुन्या फाइली उघडण्यासाठी ठेवायचा, आणि रोजचे काम मिंटवर न्यायचे, असे सध्या ठरवले आहे. एकूण दोनशे बारा फाइलींपैकी एकशे चौतीस वाचून झाल्या. पडद्याच्या कडेला मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर आचाऱ्यांना, दऱ्या, सुऱ्या, किनाऱ्यावर, पुढाऱ्यांनी, बिचाऱ्या असे शब्द लिहिले आहेत आणि प्रत्येक फाइलीत ते एकेक करून शोधते. आज रात्री २००९च्या स्मरणिकेची पाळी आहे. तिच्यात सातवीच्या मुलांनी लिहिलेले सहलीचे वर्णन आहे, घाटातल्या दऱ्यांचे आणि मग समुद्राचे, म्हणून ती दोनदा वाचणार आहे.