कोकणातल्या आम्लधर्मी मातीत कृषी चुना: वर्षभराच्या वापरानंतर

सिंधुदुर्गातल्या आमच्या परसबागेत गेल्या ऑक्टोबरात कृषी चुना घातला. आता पुढचा पावसाळाही सरलाय, म्हणून खात्रीने लिहितो. पालक आणि वालाला भरपूर फायदा झाला, मिरची-वांग्यात मात्र डोळ्यांना दिसेल असा फरक नाही.

आमची माती जांभ्याची, लाल. कोकणातला धो धो पाऊस तिच्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. स्फुरद (फॉस्फरस) त्यांना धरून बसतो, मग खत कितीही घाला, झाडाच्या वाट्याला थोडंच येतं. आमचा पालक छान उगवायचा आणि चार पानांवर येऊन पिवळट, खुजा होऊन बसायचा. शेणखत वाढवूनही सुधारेना. माती परीक्षणात सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप; 7 च्या जितका खाली, तितकी माती जास्त आम्ल) 5.2 निघाला, तेव्हा कारण कळलं. चुना ही आम्लता कमी करतो.

चुना घेताना नीट बघून घ्या. परसबागेला हवी ती दळलेली चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कळीचा चुना फार जहाल: शुद्ध असेल तर त्याचे 56 किलो कार्बोनेटच्या 100 किलोंचं काम करतात, पाणी लागताच तो तापतो, कातडी आणि डोळे भाजतात. घरच्या वाफ्यांत तो नकोच. भुकटी बोटांत चोळून बघा, अगदी बारीक लागली पाहिजे. भरड कण जमिनीत नुसते पडून राहतात.

आम्ही चौरस मीटरला 200 ग्रॅम धरला. वारा नसलेल्या सकाळी, नाकाला फडकं बांधून पसरला आणि कुदळीने वरच्या वीतभर मातीत मिसळला. ओल हवीच, कोरड्या मातीत चुना काही करत नाही. शेणखत आणि युरिया त्याच वेळी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. आम्ही तीन आठवडे थांबून शेणखत घातलं आणि मग पेरणी केली.

पहिल्या पालकात बदल जेमतेम होता. कार्बोनेट सावकाश विरघळतं, तेव्हा इथे धीर धरावा लागतो. जानेवारीत वाल फुलावर असताना एक रोप मुळासकट उपटलं. मुळांवर टपोऱ्या गाठी होत्या, नखाने फोडली तर आत गुलाबी. तो रंग दिसला की समजावं, जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. मुद्दाम बिनचुन्याच्या ठेवलेल्या वाफ्यात गाठी तुरळक, आतून पांढुरक्या. ती मुळं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि मनातली उरलीसुरली शंका गेली. दुसऱ्या खेपेचा पालकही हिरवागार, रुंद पानांचा आला.

घाटावरच्या, मराठवाडा-विदर्भातल्या मंडळींना मात्र कळकळीची विनंती: हे वाचून चुना आणायला धावू नका. तुमच्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनीत चुनखडी आधीच आहे, सामू 8 च्या आसपास असतो. तिथे आणखी चुना म्हणजे लोह आणि जस्ताची कमतरता ओढवून घेणं. कोकणातही परीक्षणाशिवाय घालू नये. वीतभर खोल खड्डा इंग्रजी व्ही अक्षरासारखा खणून त्याच्या कडेची माती घ्या, बागेतल्या चार-पाच जागांची एकत्र मिसळा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या.

उन्हाळ्यात सामू 6.1 होता, यंदा पावसाळ्यानंतर 5.9 आलाय. म्हणून या हंगामात फक्त पालकाच्या वाफ्यांना निम्मा डोस देणार आहे. अळू आणि सुरण या मातीत मुळातच खूश आहेत, त्यांना चुना नाही.