वॉरंटीनंतर एचपीएलसीचा करार: सीएमसी, एएमसी, तिऱ्हाईत कंपनी की ऑन-कॉल?

प्रयोगशाळेतल्या यंत्राची वॉरंटी संपत आली की उत्पादक कंपनीकडून दोन कोटेशनं येतात. एक एएमसीचं (वार्षिक देखभाल करार), दुसरं त्याच्या दुपटीच्या आसपासचं सीएमसीचं (स्पेअरसह सर्वसमावेशक देखभाल करार). खरेदी विभाग लगेच विचारतो, "किती टक्के कमी करतील?" हे विचारायलाच हवं, पण नंतर. आधी हे ठरवायला हवं की कुठला भाग गेला तर पैसे कुणाच्या खिशातून जाणार.

उदाहरण एचपीएलसीचं, म्हणजे द्रव नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं, घेऊ. औषध कंपनीच्या क्यूसीपासून (गुणवत्ता तपासणी विभाग) फार्मसी कॉलेजपर्यंत ते सगळीकडे आहे. शिवाय दर काही महिन्यांनी झिजणारे स्वस्त भाग आणि क्वचित जाणारे पण कंबरडं मोडणारे महाग भाग, असे दोन्ही त्यात आहेत.

एएमसीत ठरलेल्या पीएम (बिघाडाआधीची नियमित देखभाल) व्हिजिट आणि बिघाड झाल्यावर इंजिनिअरचं येणं एवढंच असतं. स्पेअरचं बिल वेगळं. सीएमसीत स्पेअरही आले, पण खाली बारीक अक्षरांत "कन्झ्युमेबल वगळून" असं लिहिलेलं असतं. वर्षभरातली बहुतेक भांडणं या दोन शब्दांवरून होतात, कारण कन्झ्युमेबल म्हणजे काय याची यादी क्वचितच जोडलेली असते.

| भाग | का जातो | सीएमसीत बहुधा काय होतं |
|---|---|---|
| पंपाचे सील | बफरचे क्षार पिस्टनवर साठून घासतात | पीएम किटमधून वर्षाला एक संच. मध्येच गेले तर बिल |
| चेक व्हॉल्व्ह | ॲसिटोनायट्राइलमुळे आतली गोळी चिकटते | लिहिलेलंच नसतं |
| रोटर सील, नीडल सीट | इंजेक्शनगणिक घर्षण | सीलसारखंच |
| ड्युटेरियम दिवा | आयुष्य साधारण 2000 तास | बऱ्याचदा वगळलेला |
| डीगॅसर, पंपाची मोटर | वय, सॉल्व्हंटचा परिणाम | समाविष्ट |
| बोर्ड, डिटेक्टरचं ऑप्टिक्स | विजेचे चढउतार, ओल, गळती | समाविष्ट, पण "विजेमुळे झालेलं नुकसान" सोडून |
| संगणक, सॉफ्टवेअर, कॉलम | | बाहेर |

बोर्डाच्या ओळीकडे नीट बघा. सीएमसी मुख्यतः बोर्डासाठी घ्यायची आणि बोर्ड जातो तो बहुतेकदा विजेमुळेच, म्हणजे जी आपत्ती टाळायला जादा पैसे मोजले तीच करारातून निसटते. यावर उपाय दोन. ऑनलाइन यूपीएस आणि चांगलं अर्थिंग आहे, न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मर्यादेत आहे, हे पहिल्याच पीएममध्ये कंपनीच्या इंजिनिअरकडून सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्या. मग "तुमच्या विजेचा दोष" म्हणणं त्यांना जड जातं. दुसरा उपाय इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विम्याचा. विमा घेतलाच तर देखभाल करार चालू असण्याची अट पॉलिसीत आहे का, ते वाचा. असेल तर करार खंडित झाला की दावाही अडकतो.

आता हिशेब. समजा यंत्र 20 लाखांचं आहे, एएमसी 4 टक्के आणि सीएमसी 9 टक्के. म्हणजे 80 हजार आणि 1 लाख 80 हजार. 18 टक्के जीएसटी धरून 94,400 आणि 2,12,400. फरक 1,18,000. करारात खरोखर समाविष्ट असलेले भाग वर्षाला एवढ्या किमतीचे लागणार असतील तरच सीएमसी परवडते. वॉरंटीच्या काळातले सगळे सर्व्हिस रिपोर्ट काढा, बदललेल्या प्रत्येक भागापुढे आजची किंमत लिहा आणि यादीतून वगळलेले भाग खोडा. उरलेली बेरीज पाहून बरेच जण चकित होतात. आणखी एक, व्यावसायिक प्रयोगशाळेला जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं. कॉलेजला बहुधा नाही, त्यामुळे त्यांनी करासहितच्याच रकमा पाहाव्यात.

आमचं मत असं: एकाच पाळीत चालणाऱ्या, नुकत्याच वॉरंटीबाहेर आलेल्या यंत्राला एएमसी पुरते. फरकाची रक्कम मात्र स्पेअरसाठी बाजूला ठेवायची, ती दुसऱ्या शीर्षात पळवायची नाही. एएमसी ग्राहकाला स्पेअरवर सवलत मागा, मिळते. नमुने आपोआप टाकणारा ऑटोसॅम्पलर रात्रभर चालत असेल, औषधाची बॅच बाजारात सोडणं त्या एकाच यंत्रावर अवलंबून असेल, किंवा ऐन वर्षात जादा खर्चाची मंजुरी मिळवणं म्हणजे तीन महिन्यांचा फायलींचा प्रवास असेल, तर सीएमसी घ्या. सरकारी संस्थांना सीएमसी सोयीची पडते ती या शेवटच्या कारणाने.

तिऱ्हाईत सर्व्हिस कंपन्या स्वस्त असतात, आणि जुन्या मॉडेलवर त्यांचा हात अनेकदा उत्पादकाच्या नव्या इंजिनिअरपेक्षा चांगला बसलेला असतो. सील, चेक व्हॉल्व्ह, दिवा ही कामं त्या व्यवस्थित करतात. अडतं ते निदानाच्या सॉफ्टवेअरला आणि फर्मवेअरला, कारण त्यांचा पासवर्ड उत्पादकाकडे असतो. बोर्ड बदलल्यावर नवा सिरियल क्रमांक टाकताच आला नाही तर दुरुस्त झालेलं यंत्रही बंदच राहतं. त्यामुळे तुमच्याच मॉडेलवर ते हे काम करू शकतात का, ते आधी करून दाखवायला सांगा. ओक्यू (यंत्र ठरलेल्या मर्यादांत चालतं का याची चाचणी) त्यांच्याकडून करून घेणार असाल तर फ्लो आणि तापमान मोजायच्या त्यांच्या उपकरणांची चालू कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं मागा. आयएसओ/आयईसी 17025:2017 प्रमाणे बाहेरच्या पुरवठादाराची पारख करणं तुमचीच जबाबदारी आहे. "बाहेरच्यांकडे करार देता येत नाही" असं केंद्रीय संस्थांमध्ये कुणी म्हणत असेल तर त्याला जनरल फायनान्शियल रूल्स 2017 (केंद्र सरकारची आर्थिक नियमावली) मधला नियम 169 दाखवा. देखभाल करार मूळ पुरवठादाराशीच हवा असं तो म्हणत नाही, सक्षम असलेली कोणतीही कंपनी चालते.

ऑन-कॉलबद्दल, म्हणजे करार न करता बिघडेल तेव्हा बोलावून पैसे देण्याबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही. ओव्हन, वॉटर बाथ, ऑटोक्लेव्ह यांना तेच योग्य. गॅस्केट किंवा हीटर बदलायला गावातला मिस्त्री पुरतो. तराजूला कॅलिब्रेशन हवं, करार नको. एचपीएलसीला मात्र दुसरं यंत्र हाताशी असेल तरच, कारण कंपनीचा इंजिनिअर आधी करारवाल्यांकडे जातो. करार मध्येच तुटू दिला तर पुढच्या वेळी "आधी तपासणी, मग दुरुस्ती, मग करार" असं तीन पायऱ्यांचं बिल येतं, हेही धरून चाला.

वाटाघाटीत टक्केवारीपेक्षा कलमांवर जास्त मिळतं. कंपनी "48 तासांत प्रतिसाद" लिहून देते; त्यात फोन उचलला तरी अट पूर्ण होते. तुम्हाला हवा तो यंत्र चालू राहण्याचा टक्का. 95 टक्के म्हणजे वर्षाला 18 दिवस बंद, 98 टक्के म्हणजे जेमतेम 7 दिवस. दिवस कॅलेंडरचे की कामाचे, स्पेअर परदेशातून येण्याचा वेळ त्यात धरायचा की नाही, हे लिहून घ्या. हमी मोडली तर दंड मागण्यापेक्षा जितके दिवस जादा बंद तितके, किंवा दुप्पट, दिवस करार वाढवून मागा. कंपनीच्या माणसाला वरून याची परवानगी लवकर मिळते. ब्रेकडाउन व्हिजिट अमर्याद हव्यात, आणि मोठ्या दुरुस्तीनंतरचं ओक्यू फुकट हवं, कारण त्याचं वेगळं बिल सीएमसीचा फायदा गिळून टाकतं.

पूर्ण वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. केंद्र सरकारच्या त्याच नियमावलीतल्या नियम 172 नुसार देखभाल करारात आगाऊ रक्कम सहा महिन्यांच्या देय रकमेपेक्षा जास्त नसावी. खासगी प्रयोगशाळेनेही हेच माप धरायला हरकत नाही. दुसरा हप्ता पीएम रिपोर्टवर सही झाल्यावरच. एकाच कंपनीची चार यंत्रं असतील तर सगळ्यांच्या तारखा एकत्र आणून एकच करार करा आणि तीन वर्षांचा दर वार्षिक वाढीच्या मर्यादेसह बांधून घ्या. यंत्र मध्येच निकामी झालं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, हे कलमही त्यातच असू द्या.

हे सगळं वॉरंटी संपायच्या तीन-चार महिने आधी सुरू करा. शेवटच्या महिन्यात कंपनीला बोलावून पीएम करून घ्या आणि किरकोळ गळती, दाबातली थरथर, दिव्याचे भरलेले तास, सगळं रिपोर्टवर नोंदवा. ते वॉरंटीतच दुरुस्त व्हायला हवं. नवं यंत्र घेणाऱ्याने तर पुढच्या पाच वर्षांचा सीएमसी दर निविदेतच मागावा आणि किमतीची तुलना तो धरूनच करावी, कारण यंत्र टेबलावर बसलं की घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

जुन्या यंत्राच्या बाबतीत सही करण्याआधी एक पत्र मागा: या मॉडेलचे स्पेअर कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? सोबतच्या संगणकाचंही विचारा. विंडोज 10 ची नियमित साथ 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, आणि नव्या विंडोजवर तुमचं जुनं सॉफ्टवेअर चालत नसेल तर नवी लायसन्स घ्यावी लागेल. ती कोणत्याही सीएमसीत बसत नाही. उत्तर दोन वर्षांच्या आतलं आलं तर एका वर्षाचीच एएमसी करा आणि बदली यंत्राचा प्रस्ताव त्याच आठवड्यात पुढे पाठवा.