रचना जपणारी फलनं: सुरुवात लिनियरपासून करावी, ग्रुपपासून की टोपॉलॉजीपासून?

लातूर, नांदेड, परभणीकडं बी.एस्सी.ला गणित घेतलेली मुलं जॅम (एम.एस्सी. प्रवेश) किंवा नेटच्या (प्राध्यापकी, संशोधनासाठीची पात्रता) परीक्षेच्या तयारीला लागली की एकच गोष्ट त्यांना तीन वेशांत भेटते: लिनियर ट्रान्सफॉर्मेशन, ग्रुप होमोमॉर्फिझम आणि कंटिन्युअस फंक्शन. एका संचातली रचना न मोडता दुसऱ्या संचात नेणं, हेच तिन्हींचं काम. आधी कुठलं धरायचं? माझं मत सांगून टाकतो: हात लिनियरवर बसवा, डोकं ग्रुपवर चालवा, टोपॉलॉजी सध्या राहू द्या.

लिनियर सोपं का, ते मोंढ्यातल्या काट्यावर दिसतं. सोयाबीन किती किलो आणि तूर किती किलो, या जोडीवरून काटा एकच आकडा देतो: एकूण वजन. दोन शेतकऱ्यांचा माल एकत्र तोला किंवा वेगवेगळा तोलून बेरीज करा, फरक नाही. माल दुप्पट तर वजन दुप्पट. (प्रत्येक तोलामागं ठरावीक किलो कडता कापला, तर मात्र हे फलन लिनियर राहत नाही!) पण ४० किलो सोयाबीन काढून तितकीच तूर टाकली, तर काट्याला पत्ताही लागत नाही. काटा जे विसरतो ते म्हणजे कर्नल. इथं कर्नलची मिती १, इमेजची (काट्यावर येऊ शकणाऱ्या आकड्यांची) १, बेरीज २. रँक-नलिटी प्रमेय हेच सांगतं. शिवाय बेसिस कुठं जातो हे कळलं की सगळं मॅट्रिक्सवर आलं.

तोटाही इथंच आहे. एकाच फील्डवरच्या दोन सांत मितीच्या व्हेक्टर स्पेस आयसोमॉर्फिक (रचनेनं एकसारख्या) आहेत का, हे फक्त मिती बघून ठरतं. डोक्याला फार ताण पडत नाही.

ग्रुपमध्ये तो पडतो. झेड-४ मध्ये (४ नं भागल्यावरच्या बाकींची बेरीज) चार घटक, झेड-२ गुणिले झेड-२ मध्येही चारच. पहिल्यात ऑर्डर ४ असलेला (स्वतःतच मिळवत गेलं तर चौथ्यांदा प्रथमच शून्य होणारा) घटक आहे, दुसऱ्यात कुणाचीच ऑर्डर २ च्या वर जात नाही. आयसोमॉर्फिझम ऑर्डर बदलू देत नाही, म्हणून हे दोन ग्रुप वेगळे. साधं होमोमॉर्फिझम इतकं कडक नसतं: प्रतिमेची ऑर्डर मूळ घटकाच्या ऑर्डरला भागते, एवढंच. परीक्षेतला आवडता प्रश्न यावरच सुटतो. झेड-१२ पासून झेड-१८ कडं जाताना १ ची प्रतिमा ठरली की सगळं ठरलं. तिची ऑर्डर १२ ला भागली पाहिजे आणि झेड-१८ मध्ये असे घटक सहाच. म्हणून होमोमॉर्फिझम ६, म्हणजे १२ आणि १८ चा मसावि.

पाठ करायचं एकच असेल तर पहिलं आयसोमॉर्फिझम प्रमेय करा: ग्रुपला कर्नलनं भागलं की इमेज मिळते. एमी नोएदर यांनी १९२७ च्या शोधनिबंधात आयसोमॉर्फिझम प्रमेयं व्यापक रूपात मांडली. पण अशा फलनांचा वापर त्याहून जुना आहे. नेपियरनं १६१४ मध्ये लॉगरिदमची कोष्टकं छापली. आजचा लॉग धन संख्यांचा गुणाकार बेरजेत नेतो, आणि परतीची वाटही असते, तो आयसोमॉर्फिझमच.

रिंगमध्ये, म्हणजे बेरीज आणि गुणाकार दोन्ही असलेल्या रचनेत, एकच सांभाळा: १ ची प्रतिमा १ च हवी, ही अट काही पुस्तकं घालतात, काही घालत नाहीत. आपल्या पुस्तकातली व्याख्या आधी बघा.

टोपॉलॉजी मागं का ठेवायची? ग्रुपमध्ये होमोमॉर्फिझम एकास-एक आणि आच्छादक असलं की उलटं फलनही आपोआप होमोमॉर्फिझम असतं. टोपॉलॉजीत ही खात्री नाही. ० धरून आणि १ वगळून जो अंतराल उरतो, तो वर्तुळावर अखंडपणे, एकास-एक गुंडाळता येतो. उलटं येताना मात्र जोडाच्या बिंदूवर तुटतो. हा धक्का ग्रुप पक्का झाल्यावरच पचतो. जनरल टोपॉलॉजी जॅमला नसते, नेटला असते. त्यामुळं जॅमवाल्यांची घाई तशीही नाही.

पुढं सरकण्याआधी एस-३ (तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा ग्रुप) पासून झेड-६ कडं किती होमोमॉर्फिझम जातात ते काढा. उत्तर २ येतं. दोनच का, हे वहीत न बघता सांगता आलं, तर रिंगचा धडा उघडायला हरकत नाही.