गोवा विद्यापीठातलं पोर्तुगीज एमए, करायचं की नाही विचारणाऱ्यांसाठी

पोर्तुगीजमधे एमए केलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, पोर्तुगालचा पासपोर्ट काढायचाय का? नाही काढायचाय. ते १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांचं आणि त्यांच्या मुला-नातवंडांचं आहे, आमचं घर बांद्याला, म्हणजे सिंधुदुर्गात, आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी हे केलं ते भाषा शिकायची म्हणून आणि केल्याचं मला मनापासून समाधान आहे, पण ओळखीतली चार-पाच मुलं सारखी विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

विभागाचं नाव पोर्तुगीज अँड लुसोफोन स्टडीज, ताळगावच्या पठारावरच्या कॅम्पसमधे, शणै गोंयबाब स्कूल ऑफ लँग्वेजेस अँड लिटरेचरच्या खाली येतो. लुसोफोन म्हणजे पोर्तुगीज बोलणारे सगळे देश, नुसतं पोर्तुगाल नाही, हे आधी डोक्यात घ्या. पोर्तुगालची लोकसंख्या कोटीभर आणि ब्राझीलमधे ही भाषा बोलणारे वीस कोटींच्या वर, शिवाय अंगोला, मोझांबिक, काबो व्हेर्द, गिनी-बिसाऊ, पूर्व तिमोर. आफ्रिकेतले हे देश १९७४-७५ च्या सुमाराला स्वतंत्र झाले, म्हणजे गोव्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी, आणि बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसा मोझांबिकच्या स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर त्याच विमान अपघातात गेले. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. म्हापशाच्या बाजूचा माणूस तिकडे इतक्या लांब जाऊन काय करत होता हा प्रश्न पडला आणि त्यातून मी अख्खं एक सेमिस्टर आफ्रिकेवरच वाचत बसले.

आता भाषेबद्दल. मराठी माणसाला सोपी जाते का, तर सुरुवात नक्की सोपी जाते. ओब्रिगादू म्हणजे थँक्यू, पण हे पुरुष म्हणणार, बाईने ओब्रिगादा म्हणायचं. इंग्लिशवरून शिकणारे इथे अडतात, आपण मी आलो, मी आले असंच बोलतो त्यामुळे आपल्याला सांगावं पण लागत नाही. नाकातले उच्चार मालवणी-कोकणी बोलणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जमतात. 'असणे'साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि इश्तार, त्याला मी स्वतःपुरती एक युक्ती केली होती, बर्फ थंड असतो तिथे सेर, चहा थंड आहे तिथे इश्तार. पहिले काही महिने चालते ही युक्ती, पुढे मोडते कारण मी मराठी आहे इथे आपण आहेच म्हणतो आणि त्यांना सेर लागतं, पण तोपर्यंत कान तयार झालेला असतो. अवघड काय, तर लिस्बनची माणसं स्वर गिळून बोलतात, कागदावर ओळखीचा शब्द कानावर आला की कळतच नाही. ब्राझीलचे उच्चार मोकळे असतात, मी आधी ते ऐकले आणि मग पोर्तुगालच्या रेडिओकडे वळले, हाच क्रम ठेवा.

आणि शब्द! साबण, बटाटा, पगार, लिलाव, तुरुंग, नाताळ, इस्त्री, हे सगळे तिकडून आलेत हे ऐकून माहीत होतं. पण चावीचं नीट कळलं तेव्हा मी वर्गात वहीवर तो शब्द तीनदा लिहिला. आज पोर्तुगीज माणूस शाव्ह म्हणतो. सोळाव्या शतकात ते चाव असं म्हणायचे, तो च नंतर त्यांच्या तोंडातून गेला आणि आपल्या तोंडात राहिला. म्हणजे आपण रोज दार लावताना त्यांचाच चारशे वर्षांपूर्वीचा उच्चार करतो.

माझ्यासाठी कोर्सचे पैसे कुठे वसूल झाले ते सांगते. माझी मावशी पेडण्याला दिलेली, तिच्या घरात पत्र्याच्या पेटीत जमिनीचे जुने कागद, सगळे पोर्तुगीज, कोणालाच वाचता येत नव्हते. दुसऱ्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हा तिने पेटी पुढे ठेवली आणि म्हणाली, बाय, बघ तरी काय लिहिलंय. हात थरथरत होते माझे, कारण कागद घडीवर फाटलेला आणि अक्षर तिरकं. वार्झिया म्हणजे भातशेत, पाल्मार म्हणजे माडाची बाग, एवढं लागलं. पुढे नाशसेंत आणि पोएंत असे शब्द होते, आणि ते शब्दशः उगवती आणि मावळती. उगवतीला अमक्याची बाग, मावळतीला व्हाळ म्हणजे ओढा, उत्तरेला, दक्षिणेला, म्हणजे आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तसंच हुबेहूब. मी वाचत गेले आणि मावशी प्रत्येक नावाला सांगत गेली की हा कोण, ते घर आता कुठे. कायद्याचं काम असेल तर जाणकार अनुवादक आणि वकीलच लागणार, मी त्यातली नाही, पण तिच्या सासऱ्यांच्या बागेची हद्द तिला पहिल्यांदा कोणीतरी वाचून दाखवली.

इतिहासाची आवड असेल तर आणखी एक. पणजीच्या पुराभिलेखागारात मोंसोइंश दु रैनु नावाचे ग्रंथच्या ग्रंथ आहेत, लिस्बन आणि गोव्यामधला पत्रव्यवहार, जहाजं वाऱ्याच्या मोसमावर यायची म्हणून ते नाव, आणि त्यांचा मोंसांव आणि आपला मोसम एकाच अरबी शब्दातून आलेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे आणि पोर्तुगीज संबंधांवर जे काम केलं ते इथल्याच कागदांवर. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं, ते मराठीत, आणि त्यांनीच केलेलं कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमधे. एका माणसाच्या कामात तीन भाषा येतात, त्यातली एकच वाचून भागत नाही.

तक्रार एकच आहे आणि ती विद्यापीठाबद्दल नाही. आधी पाया पक्का करावा म्हणून मी एका खासगी क्लासला गेले होते, सगळी फी आधी घेतली, निम्मे तास रद्द केले आणि उरलेल्यांत क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेतले. चार महिन्यांनी मला तक्ते येत होते आणि पाणी द्या म्हणता येत नव्हतं. पैसे परत मागितले तर फोन घेणंच बंद केलं. फार राग आला होता तेव्हा, अजूनही येतो, कारण बसभाड्याला आईने बाजूला काढलेले पैसे होते ते. कुठेही फी भरण्याआधी एक तास बसून बघा, शिक्षक वर्गात पोर्तुगीज बोलतात का ते बघा.

नोकरीचं स्पष्ट सांगते. आयटीसारखं प्लेसमेंट डोक्यात असेल तर हा रस्ता तुमचा नाही. जुन्या कागदांचे अनुवाद, शाळेत शिकवणं, संशोधन, परदेशी कंपन्यांचं भाषेचं काम, असं जोडत जावं लागतं. बांद्याहून रोज पत्रादेवी, म्हापसा, पणजी आणि मग विद्यापीठाची बस हे पावसाळ्यात अंगावर येतं, जमत असेल तर तिकडेच राहा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या प्रवासाचा कापला. पुढे मला कोरलईवर काम करायचंय. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, आपल्या रायगड जिल्ह्यात, हजाराच्या आत माणसं अजून पोर्तुगीजपासून झालेली बोली घरात बोलतात आणि मराठीच्या शेजारामुळे त्यांचं क्रियापद आता आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येतं. तिकडचं कोणी हे वाचत असेल तर प्लीज कळवा, मला यायचंय.